बेल्ट ओरडतोय म्हणून लगेच बेल्टच बदलू नका

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. भल्या पहाटे गाडीला किल्ली मारली की बॉनेटखालून अशी किंकाळी निघायची, की बोळातली सगळी कुत्री उठून बसायची. दोन मिनिटांनी आवाज आपोआप गप्प. ओरडत होता बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या जोरावर पुलींवरून फिरून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) चालवणारा रबरी पट्टा. शेजारचे काका म्हणाले, "नंदीध्वजाच्या मिरवणुकीला सनईवाला बोलवायला नको, ही गाडीच न्या की ओ." मला लाज वाटली आणि त्या लाजेपोटी मी एकामागून एक चुका केल्या.

पहिली चूक स्प्रेची. स्पेअर पार्टच्या दुकानात "बेल्टचा आवाज बंद करायचा स्प्रे" मिळाला, तो मारला. आठ दिवस शांतता. मग आवाज दुपटीनं परत. हा स्प्रे चिकट असतो आणि आपल्याकडं धूळ काही कमी नाही. बेल्टच्या खाचांत काळा लगदा बसला, तो टूथब्रशनं खरवडून काढताना दुपार गेली. कुणी मेणबत्ती घासतात, कुणी साबण, कुणी कुलपात मारायचं तेल. तेलानं तर बेल्ट जास्तच घसरतो आणि रबर फुगतं.

दुसरी चूक महागात पडली. माझ्या जुन्या डिझेल गाडीत बेल्टचा ताण हातानं लावायचा. अल्टरनेटरचा बोल्ट ढिला केला, टॉमी (लोखंडी दांडा) घातली आणि बेल्ट तंबोऱ्याच्या तारेसारखा होईपर्यंत ओढला. आवाज गायब! दीड महिन्यानं तुळजापूरला निघालो, तर तामलवाडीच्या अलीकडं घर्रर्र सुरू झालं. मिस्त्रीनं पुली हलवून दाखवली, खिळखिळी झालेली. म्हणाला, "बेल्ट नाही ओ साहेब, बेरिंग वरडलालंय. तुम्ही त्याचा गळाच आवळला की." गरजेपेक्षा जास्त ताण दिला की बेल्ट अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेरिंगला सतत एका बाजूला ओढत राहतो. हाताने ताण लावायच्या बहुतेक जुन्या गाड्यांत दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब टप्प्यावर अंगठ्यानं जोरात दाबलं की बेल्ट साधारण १० मिलिमीटर दबावा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. नवा बेल्ट थोडा चालल्यावर सैल पडतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा दाबून बघायचा. नव्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर हे काम स्वतः करतो. तिथं आवळाआवळी करायचीच नाही. इंजिन चालू असताना टेन्शनरचा हात थरथरत असेल, तर तो टेन्शनरच बदलायला आलाय.

खरं तर हत्यार उचलायच्या आधी कान लावायला हवा होता. लांबलचक किंकाळी, आणि तीही स्टार्ट करताना किंवा एसी, हेडलाइट लावल्यावर, म्हणजे बेल्ट घसरतोय. चिमणीसारखी ठेक्यात चिवचिव, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी, म्हणजे बहुतेकदा एखादी पुली रांगेत नाही. खात्री करायला गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून चालू ठेवा आणि बाटलीच्या टोपणाला भोक पाडून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर दोन-चार थेंब पाणी उडवा. आवाज थांबून थोड्या वेळानं परत आला तर पुलीची रांग तपासा. पाण्यानं उलट वाढला तर ताण कमी आहे. हे करताना सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यातली चेन बॉनेटपासून लांब. हात तर अजिबात आत घालायचा नाही.

पाण्यानं काहीच फरक पडला नाही तर संशय बेरिंगवर. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि एकेक पुली हातानं फिरवा. चांगली पुली गुळगुळीत फिरते. खराब पुलीत वाळू भरल्यासारखं लागतं किंवा ती डुलते. बेल्ट उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो कुठल्या पुलीवरून कसा वळतो हे आपल्या लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

"भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला" हे जुन्या रबराच्या बाबतीत खरं होतं. आताचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट फारसे तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा खोल होत जातात आणि पुलीचे कंगोरे तळाला टेकले की पकड जाते. नवा बेल्ट शेजारी धरून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

बेल्ट ओला किंवा तेलकट दिसला तर आधी गळती शोधा. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, एक थेंबसुद्धा बेल्टला ओरडायला लावतो. गळती तशीच ठेवून नवा बेल्ट घातलात तर तोही जाणार. दुकानात अंदाजानं मागू नका, जुन्याच्या पाठीवरचे आकडे वाचा. ६पीके१७५० म्हणजे सहा कंगोरे आणि १७५० मिलिमीटर लांबी.

आणि हा सगळा उद्योग बाहेरून दिसणाऱ्या बेल्टचा. झाकणाआडचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा ताळमेळ राखणारा, वेगळा, त्याला घरी हात लावू नका. चालत्या गाडीत किंकाळीबरोबर बॅटरीचा लाल दिवा लागला तर अल्टरनेटर फिरत नाहीये, आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. तापमानाचा काटा वर चढायच्या आत गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. मे महिन्याच्या दुपारी हैदराबाद रोडवर असलात तरी.