शहाबादी फरशीवर ॲसिड सांडले: रासायनिक समीकरण कसे लिहावे

शहाबादी फरशी चुनखडीची, म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटची. तिच्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड सांडले की फसफसून फेस येतो. हीच अभिक्रिया कागदावर मांडू.

आधी संज्ञा, म्हणजे मूलद्रव्याच्या नावाची रोमन लिपीतली खूण. कॅल्शिअम सीए, क्लोरीन सीएल, कार्बन सी, ऑक्सिजन ओ, हायड्रोजन एच. संज्ञेतले पहिले अक्षर मोठे, दुसरे लहान. कोबाल्टच्या संज्ञेत दुसरेही मोठे काढले, तर ते कार्बन मोनॉक्साइडचे सूत्र होते.

मग रेणुसूत्र. त्यासाठी संयुजा, म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, पाठच हव्यात, इथे पळवाट नाही. कॅल्शिअमची २, क्लोरीनची १. धातू डावीकडे लिहा आणि संयुजांची तिरकस अदलाबदल करा: सीएसीएल२. कॅल्शिअम आणि कार्बोनेट दोघांचीही संयुजा २, म्हणून आकडे छेदले जातात: सीएसीओ३. यातला ३ कार्बोनेट मूलकाचा, म्हणजे एकत्रच वावरणाऱ्या अणुगटाचा, स्वतःचा, त्याला हात लावायचा नाही. मूलक एकाहून जास्त वेळा आला की कंस घाला. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड सीए(ओएच)२ असे लिहितात. कंस राहिला तर ऑक्सिजनचा एक अणू हरवतो.

नावात धातू आधी. दोनच मूलद्रव्ये असतील तर शेवटी ‘आइड’. सल्फाइट एसओ३, सल्फेट एसओ४: ‘एट’मध्ये ऑक्सिजन जास्त. लोहाच्या संयुजा दोन, फेरस २ आणि फेरिक ३. बाजारातले हिराकस म्हणजे फेरस सल्फेट.

आता समीकरण. अभिक्रियाकारके डावीकडे, उत्पादिते उजवीकडे:

सीएसीओ३ + एचसीएल → सीएसीएल२ + एच२ओ + सीओ२

अणू मोजा. उजवीकडे क्लोरीन २ आणि हायड्रोजन २, डावीकडे एकेकच. एचसीएलच्या आधी २ लिहा:

सीएसीओ३ + २एचसीएल → सीएसीएल२ + एच२ओ + सीओ२

कॅल्शिअम, कार्बन आणि तीन ऑक्सिजन आधीच जुळलेले होते. संतुलन करताना आकडा फक्त सूत्राच्या आधी घालायचा. सूत्राच्या पायाशी असलेला आकडा कधीही बदलू नका. पाण्याच्या ऑक्सिजनखाली २ लिहिला की ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि फरशीवर ते तयार झालेलेच नसते.

सरावासाठी चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचे पाण्यातले द्रावण, घ्या. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते. डावीकडे सीए(ओएच)२ आणि सीओ२ मांडा, उजवीकडे सीएसीओ३ आणि एच२ओ. अणू मोजा: इथे एकही आकडा घालावा लागत नाही.