वैऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात येशू ख्रिस्त वैऱ्यांवर प्रीती करण्याची आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा देतो. ही प्रीती म्हणजे मनाचा उमाळा नव्हे, तर समोरच्याचे भले चिंतण्याचा निर्णय आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. सुरुवात स्वतःच्या रागापासून करावी. बायबलमधील कित्येक स्तोत्रांत भक्ताने आपला संताप जसाच्या तसा देवापुढे ओतला आहे, तेव्हा गोड शब्दांची घाई नको.

त्यानंतर त्या व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करावी. ‘त्याला सद्बुद्धी दे’ एवढ्यावर थांबू नये, कारण त्यात पुष्कळदा आपलाच टेंभा मिरवलेला असतो. ज्या चुलतभावाने शेताचा बांध कोरला, त्याच्या विहिरीला पाणी राहावे, त्याच्या मुलीचे शिक्षण पार पडावे, असे नेमके मागावे. सुरुवातीला शब्द घशात अडकतील, तरी चालेल. पुढे तो वाटेत भेटला, तर आपण होऊन सलाम करावा.

क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. 1999 साली ओडिशातील मनोहरपूर येथे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा येथील कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र न्यायालयात रीतसर चालला. म्हणूनच घरात मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षित ठिकाणी जावे, पोलिसांत तक्रार नोंदवावी, आणि प्रार्थनेसाठी चर्चच्या मंडळीतील विश्वासू व्यक्तीला सोबत घ्यावे.