सौर शिडाचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

सौर शीड म्हणजे सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान ढकलणारा मोठा, पातळ, आरशासारखा पडदा. त्याचे प्रकल्प माझ्याकडे तपासायला येतात. दरवर्षी चेहरे नवे, चुका त्याच. बहुतेकांचे मूळ एकाच समजुतीत असते: शीड म्हणजे बिनइंधनाचे इंजिन. इंजिन हवे तिकडे वळवायचे आणि चालू करायचे. शिडाचे तसे नसते. जोर कुठल्या बाजूने येणार हे सूर्य ठरवतो. आपल्या हातात फक्त शीड कमीजास्त तिरके करणे असते. हे एकदा डोक्यात बसले की खालच्यातल्या निम्म्या चुका होतच नाहीत. पण ते बसेपर्यंत थांबायची कोणाची तयारी नसते, सगळ्यांना थेट मंगळावर जायचे असते.

शीड कायम सूर्यासमोर धरणे

ही माझी सर्वांत नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

एका गटाने मंगळापर्यंतचा सुबक निळा सर्पिल आलेख आणला होता. ५ किलोचे यान, ३२ चौरस मीटरचे शीड, आकडे व्यवस्थित. मी विचारले, "कोडमध्ये सूर्य कुठे आहे?" उत्तर आले, "सर, मध्यभागी आहे ना." "बलाच्या ओळीत कुठे आहे?" तिथे नव्हता. दाब गुणिले क्षेत्रफळ, आणि दिशा कोणती, तर यानाच्या वेगाची. म्हणजे शीड मागून कोणीतरी ढकलतेय असा हिशेब. सूर्य बाजूला असताना जोर पुढच्या दिशेने कसा मिळेल, हा प्रश्न गटातल्या एकालाही पडला नव्हता. आलेख सुंदर आला म्हटल्यावर कोण कशाला विचारतो!

त्यांनी दुरुस्ती केली. बल सूर्यापासून सरळ बाहेरच्या दिशेने लावले, शीड पूर्णपणे सूर्यासमोर. आता यान कुठेच जाईना. सूर्यापासूनचे अंतर १ आणि १.०२ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १) यांच्यामध्ये वर-खाली होत राहिले. मग त्यांनी गणनेतला कालखंड लहान केला, गणनपद्धत बदलली, लायब्ररी नव्याने टाकली, आणि शेवटी रात्री उशिरा निरोप आला: "सर, शीड काम करत नाहीये."

शीड अगदी बरोबर काम करत होते. सूर्याचे गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, आणि प्रकाशाचा दाबही तसाच कमी होतो. त्यामुळे सूर्यासमोर सरळ धरलेले शीड एवढेच करते, की यानापुरता सूर्य किंचित हलका होतो. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याचे गुरुत्वीय त्वरण ५.९३ मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग आहे. वरच्या यानाला प्रकाशाने मिळणारे त्वरण जेमतेम ०.०५८, म्हणजे साधारण एक टक्का. सूर्य एक टक्का हलका झाला तर वर्तुळाकार कक्षा थोडी लांबट होते, बस्स. यान तीसेक लाख किलोमीटर बाहेर जाते आणि परत येते. वर्षानुवर्षे तेच.

कक्षा खरोखर मोठी करायची तर यानाच्या गतीच्या दिशेने जोर हवा, आणि तो शीड तिरके केल्यावरच मिळतो. आदर्श आरशासारख्या शिडावर बल त्याच्या पृष्ठभागाला लंब असते. शीड कलवले की बलही कलते, पण त्याच वेळी शिडावर पडणारा प्रकाश कमी होतो आणि बल झपाट्याने घटते. या ओढाताणीत सर्वांत फायद्याचा कल साधारण ३५ अंशांचा. तेव्हा पूर्ण बलाच्या ३८ टक्के भाग गतीच्या दिशेने लागतो. तेच ५ किलोचे यान मग पहिल्या वर्षात सत्तरेक लाख किलोमीटर बाहेर सरकते आणि पुढेही सरकत राहते. कल उलट्या बाजूला दिला की गती मंदावते आणि यान सूर्याकडे आत येते. शिडाने सूर्याकडेही जाता येते हे ऐकून निम्मा वर्ग अविश्वासाने बघतो.

(४५ अंश लिहिणारेही पुष्कळ असतात. नुकसान आठ टक्क्यांचेच आहे, पण समीकरण न सोडवता अंदाजाने लिहिलेय हे लगेच कळते.)

माझी सवय सांगतो. कोड कोणाचेही असो, मी आधी कल शून्य ठेवतो आणि कक्षा बंद राहते का बघतो. मग अधिक ३५, मग उणे ३५. एकदा बाहेर, एकदा आत. तिन्ही जमल्याशिवाय मंगळाचे नाव काढू देत नाही.

पृथ्वीभोवतीच्या कक्षेत तर आणखी काम वाढते. यान अर्धी फेरी सूर्यापासून दूर जात असते आणि अर्धी फेरी सूर्याकडे येत असते. शीड तसेच समोर धरले तर एका अर्ध्यात कमावलेले दुसऱ्यात जाते. लाइटसेल-२ हे शिडाचे यान २०१९ मध्ये सुमारे ७२० किलोमीटर उंचीवर गेले. ते प्रत्येक फेरीत दोनदा ९० अंशांनी वळायचे: दूर जाताना शीड प्रकाशासमोर, येताना प्रकाशाकडे नुसती कड. फेरी साधारण शंभर मिनिटांची. तुमच्या प्रकल्पात हे वळणे नसेल तर बाकीचे गणित कितीही बिनचूक असो, मी पुढे वाचत नाही.

सौरवाताला श्रेय देणे

सौरवात म्हणजे सूर्यातून सुटणाऱ्या भारित कणांचा झोत. शीड त्याने ढकलले जात नाही. पृथ्वीपाशी सौरवाताचा दाब काही नॅनोपास्कल असतो, तर आदर्श आरशावर प्रकाशाचा दाब सुमारे ९ मायक्रोपास्कल. हजारो पटींचा फरक. पुढे चला.

फिरणाऱ्या पात्यांचा बल्ब टेबलावर ठेवणे

प्रदर्शनात हा हमखास दिसतो. काचेच्या गोळ्यात चार पाती, प्रत्येकाची एक बाजू काळी, दुसरी चकचकीत. ऊन पडले की पाती गरगर फिरतात, आणि शेजारी पाटी असते: "प्रकाशाचा दाब".

पाती कोणत्या बाजूला फिरतात ते एकदा नीट बघा. प्रकाश परतवणाऱ्या बाजूवर दाब जास्त, शोषणाऱ्यावर त्याच्या निम्मा. म्हणजे प्रकाशाच्या दाबाने चकचकीत बाजू मागे हटायला हवी. प्रत्यक्षात काळी बाजू मागे हटते. हा खेळ बल्बमध्ये उरलेल्या विरळ हवेचा आहे. काळी बाजू जास्त तापते आणि पात्याच्या कडांपाशी त्या हवेचा जोर लागतो. बल्ब अगदी निर्वात केला तर पाती थांबतात. प्रकाशाचा खरा दाब मोजायला १९०० च्या सुमारास रशियात लेबेदेव्ह आणि अमेरिकेत निकोल्स व हल यांना किती नाजूक उपकरणे करावी लागली होती, ते वाचा. बल्ब ठेवायचाच असेल तर "हा प्रकाशाचा दाब नव्हे" अशी पाटी लावून ठेवा. त्यातून लोक जास्त शिकतील.

४०० किलोमीटरवर शीड उघडणे

सोडण्याची सोय तिथे स्वस्तात होते म्हणून सगळे तिथेच उघडतात. त्या उंचीवर उरलेल्या हवेचा रोध प्रकाशाच्या दाबाच्या कित्येक पट असतो. नासाचे नॅनोसेल-डी२ सुमारे ६५० किलोमीटरवर होते, १० चौरस मीटरच्या शिडाचे. जानेवारी २०११ मध्ये शीड उघडले आणि सप्टेंबरमध्ये यान वातावरणात जळाले. लाइटसेल-१ ची कक्षा आणखी खाली यायची. शीड उघडल्यावर ते आठवडाभरात खाली आले. नासाच्या एसीएस३ यानाला २०२४ मध्ये सुमारे १००० किलोमीटरवर नेले ते उगीच नव्हे. जुने उपग्रह खाली आणायला शीड वापरायचे असेल तर ४०० ठीक, पण मग प्रकल्पाचे नाव बदला.

घडी शेवटच्या रात्री घालणे

गणितवाल्यांना हा भाग शिंप्याचा वाटतो. शिडाची मोहीम बुडते ती बहुतेक वेळा इथे किंवा याच्या आसपास.

शिडाचा पडदा किती पातळ असतो याची कल्पना करा: लाइटसेल-२ चा ४.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जपानच्या इकारोसचा ७.५ मायक्रॉन. इकारोसने २०१० मध्ये १४ बाय १४ मीटरचे शीड स्वतःभोवती फिरत, त्या फिरण्याच्या ताणावर उघडले. त्याला आधाराचे दांडे नव्हते. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला असा पडदा हाताळताना श्वास लागला तरी उडतो.

एका गटाने असाच पडदा छान घट्ट घडी घालून डब्यात बसवला आणि डबा निर्वात कक्षात ठेवला. पंप एकदम पूर्ण जोरात सुरू केला, कारण दुसऱ्या दिवशी सादरीकरण होते. घड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरचा दाब उतरला तशी ती फुगली, झाकण आतून उचलले गेले, आणि पडदा कोपऱ्यातल्या घडीवर फाटत गेला. काचेतून आम्ही सगळे बघत होतो, पण तेव्हा पंप बंद करूनही उपयोग नव्हता. रॉकेट वर जाताना बाहेरचा दाब असाच उतरतो, तेही दोन-तीन मिनिटांत.

तेव्हा डब्याला हवा जायला भोके ठेवा, आणि घडी मधून कडेकडे दाबत आणा म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते. मी सुती हातमोजे घालतो, प्रत्येक घडीच्या कडेला मार्करने ठिपका देतो आणि क्रमाने फोटो काढतो. सगळी घडी घातल्यावर ती पुन्हा उलगडतो. खोलीत अंधार करून मागे टॉर्च धरला की सुईच्या टोकाएवढी छिद्रे चांदण्यांसारखी दिसतात. मग पुन्हा घडी. याला दोन दिवस जातात. "सर, एवढे कशाला?" असे विचारणाऱ्याला मी टॉर्च धरायला देतो. साधी चिकटपट्टी वापरायची नाही. निर्वातात तिच्यातून वायू सुटतात आणि ते आरशावर बसतात. कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकची पट्टी आणा.

टेबलावर उघडले म्हणजे अवकाशात उघडेल, हेही खरे नाही. टेबल पडद्याला खालून आधार देते आणि घर्षणाने जागेवर धरते, तिथे दोन्ही नसते. एसीएस३ चे चारही दांडे ऑगस्ट २०२४ मध्ये उघडले, तरी एक किंचित वाकलेला दिसला. हे तर वर्षानुवर्षे चाचण्या करून.

शीड उघडायची आज्ञा देणाऱ्या संगणकाकडेही बघा. लाइटसेल-१ ला मे २०१५ मध्ये शिडाने नव्हे, एका फाइलने गप्प केले. यान पृथ्वीकडे पाठवत असलेल्या संकेतांची नोंद एका फाइलमध्ये साठत होती. ती ३२ मेगाबाइटच्या पुढे गेली आणि संगणक अडकला. दुरुस्त केलेली आवृत्ती उपलब्ध होती, यानावर जुनीच होती. आठेक दिवसांनी यान आपोआप पुन्हा सुरू झाले, बहुधा एखाद्या भारित कणाच्या धक्क्याने, आणि जूनमध्ये शीड उघडता आले. असल्या नशिबावर बेत आखू नका. सॉफ्टवेअर सलग आठवडाभर चालवून बघा. दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक ही चाचणी नव्हे.

दाबाचे केंद्र आणि वस्तुमानाचे केंद्र एकाच जागी धरणे

कागदावर ती दोन्ही मधोमध असतात. प्रत्यक्षात शीड एका बाजूला जास्त ताणले जाते, एखादा दांडा वाकतो, आणि दोन्हींत फरक पडतो. तो फक्त एक सेंटिमीटर धरा. ३२ चौरस मीटरच्या शिडावर बल जास्तीत जास्त ०.२९ मिलिन्यूटन. त्यातून मिळणारा पीळ नगण्य वाटतो, पण तो थांबत नाही. दिवसभरात पाव न्यूटन-मीटर-सेकंद कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) जमतो. क्यूबसॅटमध्ये, म्हणजे छोट्या डब्याएवढ्या उपग्रहात, हा जोर स्वतः फिरून झेलणारे लहान चाक असते, पण ते एवढा सामावू शकत नाही. चाक भरले की यान गटांगळ्या खाऊ लागते. पृथ्वीजवळ चुंबकीय दांड्यांनी चाक रिकामे करता येते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राबाहेर गेल्यावर तीही सोय नाही. इकारोसने त्यासाठी शिडाच्या कडांना द्रव-स्फटिकाच्या पट्ट्या लावल्या होत्या. वीज दिली की त्या भागाची परावर्तकता बदलायची आणि शीड हळूहळू वळायचे.

याच पिळाला उतारा म्हणूनही शीड वापरतात. इन्सॅट-१ए ला सौर पंख एकाच बाजूला होता, म्हणून तोल राखायला दुसऱ्या बाजूला शीड दिले होते. एप्रिल १९८२ मध्ये उपग्रह वर गेला, पण ते शीड उघडलेच नाही. इतरही अडचणी आल्या, आणि सप्टेंबरमध्ये तोल सांभाळायचे इंधन संपून उपग्रह निकामी झाला.

बाकीच्या, पटापट

पृथ्वीची सावली विसरणे. सावलीत जोर शून्य, आणि पडदा एकदम गार पडतो तो वेगळाच ताण.

परावर्तन १०० टक्के धरणे. काही प्रकाश शोषला जातो, सुरकुत्यांवरून काही भलतीकडे जातो. मी सुरुवातीलाच दहा-पंधरा टक्के कापतो.

फक्त पडद्याचे वजन धरणे. दांडे, मोटार, बॅटरी, रेडिओ हेही यानासोबत जातात. लाइटसेल-२ चे सगळे वजन शिडाच्या क्षेत्रफळावर वाटले तर चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते. सूर्याचे गुरुत्वाकर्षण पूर्ण तोलायला तो आकडा दीड ग्रॅमच्या आसपास हवा.

शीड दुप्पट केले की त्वरण दुप्पट, असे धरणे. दांडे लांबले की तेही जाड करावे लागतात.

पहिल्या दिवसाचा वेग बघून निराश होणे. ५ किलोच्या त्या यानाला आदर्श स्थितीत दिवसाला ५ मीटर प्रति सेकंद मिळतात. महिनाभराची बेरीज करा आणि मग बोला.