‘हक्काच्या’ मतदारसंघाचा हिशेब कसा तपासावा : उत्तर गोव्याचे उदाहरण

उत्तर गोव्याची लोकसभेची जागा ही भाजपची हक्काची जागा आहे, असे सर्रास बोलले जाते, आणि श्रीपाद नाईक १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वेळा तेथून निवडून आले असल्यामुळे त्यात वावगे काही नाही. मात्र जागा हक्काची आहे की उमेदवार हक्काचा आहे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचा उलगडा एक वही व थोडी आकडेमोड यांच्या आधारे कोणालाही करता येतो.

प्रथम विजयी उमेदवारांची यादी उतरवावी आणि ती १९९९ पासून नव्हे, त्याच्या बरीच आधीपासून सुरू करावी. मतदारसंघांच्या फेररचनेपूर्वी ही जागा ‘पणजी’ या नावाने ओळखली जात असल्याने जुने निकाल त्याच नावाखाली शोधावे लागतात. १९७७ साली अमृत कांसार, १९८० साली संयोगिता राणे, १९८४ साली शांताराम नाईक, १९८९ साली गोपाळ मयेकर, १९९१ साली हरीश झांट्ये, १९९६ साली रमाकांत खलप आणि १९९८ साली रवी नाईक असे सात निवडणुकांत सात वेगवेगळे खासदार येथून दिल्लीला गेले. पक्ष पाहिले, तर पहिल्या दोन निवडणुकांत मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि त्यानंतर काँग्रेस व मगो आळीपाळीने, असा क्रम दिसतो. म्हणजे एकेकाळी ही जागा कोणाच्याच हक्काची नव्हती.

यानंतरचा टप्पा मताधिक्याचा असून खरे काम येथेच आहे. श्रीपाद नाईक यांचे मताधिक्य २००९ मध्ये ६,३५३, २०१४ मध्ये १,०५,५९९, २०१९ मध्ये ८०,२४७ आणि २०२४ मध्ये १,१६,०१५ असे होते. शेवटच्या आकड्यावर भाळून न जाता प्रत्येक मताधिक्य निम्मे करावे आणि आलेल्या संख्येला विधानसभेच्या वीस मतदारसंघांनी भागावे, कारण विजेत्याला मत देणारा एक मतदार प्रतिस्पर्ध्याकडे वळला की अंतर दोन मतांनी कमी होते. २००९ साठी हे उत्तर सुमारे १५९ येते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात दीडशे-पावणेदोनशे माणसे फिरली असती, तर राष्ट्रवादीचे जितेंद्र देशप्रभू खासदार झाले असते! २०२४ साठी हाच आकडा सुमारे २,९०० भरतो. या दोन उत्तरांमधील तफावत ज्याने स्वतः काढून पाहिली आहे, तो ‘हक्काची जागा’ हे शब्द जपून वापरतो. सर्वांत मोठ्या मताधिक्यापेक्षा सर्वांत लहान मताधिक्य अधिक बोलके असते, असे माझे मत आहे.

त्यानंतर विरोधी मतांची बेरीज करावी. २०२४ मध्ये श्रीपाद नाईक यांना २,५७,३२६, काँग्रेसचे खलप यांना १,४१,३११ आणि रिव्होल्युशनरी गोवन्स या प्रादेशिक पक्षाचे मनोज परब यांना ४५,६९३ मते मिळाली. खलप आणि परब यांची मते एकत्र केली तरी ७०,३२२ मतांचे अंतर उरते, त्यामुळे ‘मते फुटली म्हणून हरलो’ हे कारण या निवडणुकीला पुरत नाही. पराभूतांची नावेही नजरेखालून घालावीत : २०१४ मध्ये हरलेले रवी नाईक आणि २०२४ मध्ये हरलेले खलप हे दोघेही याच जागेचे माजी खासदार होते. जुन्या पुण्याईवर येथे भागत नाही, हे त्यावरून दिसते.

मग ‘फॉर्म २०’ उघडावा. मतदान केंद्रनिहाय मते दाखवणारा हा तक्ता निवडणूक यंत्रणा प्रसिद्ध करते आणि लोकसभेसाठी तो विधानसभा मतदारसंघांनुसार विभागलेला असतो. आडव्या ओळीत एक केंद्र, उभ्या रकान्यांत उमेदवार, मग नोटा आणि शेवटी टपाली मते, अशी त्याची साधारण मांडणी असते. मी एकदा दोन निवडणुकांतील एकाच क्रमांकाची केंद्रे शेजारी मांडून मोठा निष्कर्ष काढला होता; मधल्या काळात क्रमांक बदलले होते आणि मी एका वाड्याची मते भलत्याच वाड्याशी ताडून पाहत होतो, हे मागाहून लक्षात आले. म्हणून क्रमांकावर विसंबू नये, केंद्र कोणत्या शाळेत आहे ते पाहावे.

पणजीच्या आसपासच्या उपनगरी भागांकडे विशेष लक्ष द्यावे. पर्वरीने २०१२ आणि २०१७ मध्ये रोहन खंवटे यांना अपक्ष म्हणून आणि २०२२ मध्ये भाजपचे उमेदवार म्हणून निवडून दिले. तेथील विधानसभेच्या मतांवरून पक्षाची ताकद मोजणे धोक्याचे आहे. खुद्द पणजीची विधानसभेची जागा १९९४ पासून भाजपकडे होती, तरी तेथील आमदार मनोहर पर्रीकर यांच्या निधनानंतर मे २०१९ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत ती १,७५८ मतांनी काँग्रेसकडे गेली. उमेदवार बदलताच हक्काची जागा कशी निसटते, याचे याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

भवितव्याचा अंदाज बांधताना हीच पणजी समोर ठेवावी. श्रीपाद नाईक यांचा जन्म १९५२ चा आहे, त्यामुळे २०२९ साली त्यांचे वय ७६ च्या पुढे असेल आणि उमेदवारीचा प्रश्न पक्षापुढे कधी ना कधी येणारच. नवे नाव जाहीर झाले, तर २००९ आणि २०२४ चे फॉर्म २० पुन्हा काढावेत, नाईक यांची मते ज्या केंद्रांवर सर्वाधिक वाढली ती केंद्रे वेगळी लिहावीत आणि नव्या उमेदवाराची त्या वाड्यांवर किती ओळख आहे, याची चौकशी तेथूनच सुरू करावी.