पॅकअप म्हटल्यावर लगेच स्लाइड आत घेऊ नका, आधी टप झाडा

मुंबईत स्लाइडवाली गाडी म्हणजे बहुतेक वेळा वॅनिटी व्हॅन, शूटिंगवर कलाकारांच्या मेकअपची आणि आरामाची गाडी. मी बरीच वर्षं तीच सांभाळतोय, आणि आता ओळखीतली दोन-तीन कुटुंबं स्लाइडवाली कॅराव्हॅन घेऊन भंडारदरा, काशीद असं फिरायला लागलीयत, त्यांचे फोन येतात की दादा स्लाइड आत घेताना करकर आवाज येतो, काय करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

स्लाइड म्हणजे गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारी खोली, तिला तिचा स्वतःचा छोटा टप असतो. गाडीच्या मोठ्या टपाकडे सगळ्यांचं लक्ष असतं पण हा छोटा टप खाली उभं राहून दिसतच नाही, आणि दिवसभर झाडाखाली गाडी उभी असली की त्याच्यावर पाला, काड्या, शेंगा, धूळ सगळं साचतं. बटण दाबलं की तो टप आत जातो, आणि वरच्या कडेला जी रबराची पट्टी असते, आपले मेकॅनिक तिला बीडिंगच म्हणतात, तिचं काम हे सगळं बाहेरच अडवायचं असतं. सुकं पान ती अडवते पण काडी किंवा शेंग अडकली की रबर दुमडतं, नाहीतर फाटतं, आणि एकदा तिथे फट पडली की पाणी आत.

आमच्या गाडीत हेच झालं होतं. मे महिन्यातलं आउटडोअर शूटिंग, गाडी गुलमोहराखाली, रात्री उशिरा पॅकअप, सगळ्यांना घरी जायची घाई, वर कोणी चढलंच नाही आणि स्लाइड आत घेतली. गुलमोहराची सुकी शेंग किती कडक असते माहितीये ना, हातभर लांब आणि लाकडासारखी, ती रबराखाली आडवी गेली. त्या रात्री काहीच कळलं नाही. जुलैत आरशाच्या वरचं प्लाय फुगलं तेव्हा उघडून बघितलं तर वीतभर रबर फाटलेलं आणि आतलं लाकूड काळं पडलेलं. दहा मिनिटांचं काम वाचवलं आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली, अजून वाईट वाटतं.

गाडी कुठल्या झाडाखाली आहे ते आधी बघा. रेन ट्रीच्या शेंगा चिकट असतात, टपाला लागल्या की नुसत्या झाडूने निघत नाहीत, ओलं फडकं लागतंच. सोनमोहराचा पिवळा सडा दिसायला छान पण फुलं ओली झाली की लगदा होतो आणि बरोबर रबराच्या खाचेत जाऊन बसतो. जूनमध्ये जांभळं, त्यांचे डाग लगेच पुसले तर जातात. गोरेगावची चित्रनगरी नॅशनल पार्कला लागून आहे त्यामुळे तिथे माकडं फांद्या मोडून टाकतात, कधीकधी गाडीवरच उड्या मारतात, तिथे तर वर बघितल्याशिवाय स्लाइड हलवायचीच नाही. आणि संक्रांतीच्या आसपास मांजा बघा, बारीक असतो, लांबून दिसत नाही पण रबराखाली ओढला गेला तर कापतो.

आता काम. उजेड असताना करा ही माझी पहिली विनंती, शिफ्ट संपायच्या तासभर आधी एकदा मोठा कचरा काढून टाकला की शेवटी फक्त हात फिरवायचा राहतो. सुरू करायच्या आधी स्लाइडची चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. हे खूप महत्त्वाचं आहे, तुम्ही शिडीवर हात आत घालून उभे आणि आतून कोणीतरी मदत म्हणून बटण दाबलं तर हात जाईल. वर विजेच्या तारा आहेत का बघा, असतील तर अॅल्युमिनियमचा दांडा वर करायचाच नाही, विजा चमकत असतील तरी नाही. शिडी कडक जमिनीवर, खाली एक माणूस धरून. आणि स्लाइडच्या टपावर पाय देऊन उभं राहू नका, तो माणसाचं वजन घ्यायला बनवलेला नसतो.

सामान घरातलंच चालतं. जळमटं काढायचा लांब दांड्याचा मऊ ब्रश, रंग मारायचा दोन इंची ब्रश, लादी पुसायचा रबराचा वायपर, दोन फडकी, बादलीत पाणी आणि थोडा सौम्य साबण. ब्लोअर असेल तर सुक्या पाल्याला मस्त, ओल्याला काही उपयोग नाही. खराटा नको, त्याने फायबरवर चरे पडतात आणि त्याच्याच काड्या तुटून मागे राहतात.

झाडायची दिशा लक्षात ठेवा, गाडीच्या भिंतीकडून बाहेरच्या कडेकडे. बरेच जण खाली उभं राहून ब्रश स्वतःकडे ओढण्याऐवजी आत ढकलतात आणि सगळा कचरा रबरापाशी नेऊन भरतात, म्हणजे झाडलं नसतं तर बरं अशी गत. आधी मोठ्या काड्या आणि शेंगा हाताने उचला, मग ब्रश, आणि शेवटी भिंत आणि टप जिथे भेटतात ती रेघ रंगाच्या ब्रशने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोन्ही कोपरे तर बोटाने चाचपून बघा, माझ्या अनुभवात नव्वद टक्के कचरा तिथेच लपतो. रबराची पट्टी हलकेच उचलून खालून फडकं फिरवा, आणि ती पूर्ण लांबीभर सारखी बसलीये ना, कुठे दुमडली नाहीये ना ते बघा, दुमडली असेल तर बोटांनीच सरळ करा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. स्लाइडवर कापडाचं ऑनिंग, म्हणजे गुंडाळता येणारं छप्पर, असेल तर कापडाच्या वरून आणि खालून दोन्हीकडे बघा, गुंडाळताना आत काडी राहिली तर कापडाला भोक पडतं.

पावसाळ्यात पाण्याचा वेगळाच त्रास. एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी साचलं तरी दहा लिटर होतं, म्हणजे दहा किलो, आणि स्लाइड चार-पाच चौरस मीटरची असली तर मोटर एवढं जास्तीचं वजन ओढणार, शिवाय आत जाताना ते पाणी तुमच्या गादीवर नाहीतर मेकअपच्या टेबलावर. लादीच्या वायपरने पाणी बाहेर ओढा. गाडीला जॅक असतील तर स्लाइडची बाजू किंचित खाली घेतली की बरंचसं पाणी आपोआप उतरतं. भर पावसात टप कोरडा होणार नाहीच, तेव्हा निदान पाला तरी काढा आणि आत कडेला जुने टॉवेल लावून ठेवा.

रबराला काय लावायचं हे सगळे विचारतात. रबरासाठीचा सिलिकॉन स्प्रे, दोन-तीन महिन्यांतून एकदा, स्वच्छ करून कोरडं झाल्यावरच. व्हॅसलीन, ग्रीस, डब्ल्यूडी फॉर्टी असलं पेट्रोलियमचं काही नको, असली रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात आणि अशा तेलाने ती फुगतात, मऊ पडतात. खोबरेल तेलही नको, त्याच्यावर मुंबईची बांधकामाची धूळ चिकटून सँडपेपर तयार होतो.

आत घेताना गाडी किंवा जनरेटर चालू ठेवा म्हणजे बॅटरी पडत नाही, एक माणूस बाहेर उभा करा, आणि अर्ध्यावर थांबा. थांबून रबरापाशी काही गोळा झालंय का बघा, असेल तर परत थोडी बाहेर काढा, साफ करा, मग पूर्ण आत. करकर आवाज आला तर जोर लावून बटण दाबून धरू नका, तो आवाज म्हणजे काहीतरी अडकलंय. खाली आतल्या लादीवर खडे असतील तर तेही आधी झाडा, स्लाइडखाली खडा घासला की लादीवर लांब ओरखडा उठतो.

आणि ओली स्लाइड आत घेतली असेल तर घरी, पार्किंगला पोचल्यावर तशीच आठवडाभर बंद ठेवू नका. पहिली उघडीप मिळाली की बाहेर काढा, टॉर्च घेऊन आतल्या छताची कड बघा, बोट फिरवा, ओलं लागलं तर पंखा लावून सुकवा आणि मगच परत आत घ्या.