जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवताना
इंग्लंडमधल्या जुन्या घरात फायरप्लेस असेल तर आधी चिमणी साफ करून घ्या आणि स्मोक टेस्ट (धूर सोडून चिमणी कुठे गळते का ते बघणं) करा, स्टोव्हची खरेदी नंतर. मग वरून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचा लायनर (चिमणीच्या आतून जाणारी धुराची नळी) सोडायचा. धूर मोठ्या विटांच्या चिमणीत थंड पडला की डांबरासारखा थर जमतो आणि तोच पेट घेतो, म्हणून इथे पैसे अजिबात वाचवू नका. ५ किलोवॅटच्या वरचा स्टोव्ह असेल तर खोलीत कायम उघडी हवेची जाळी लागतेच. कार्बन मोनॉक्साइड अलार्म कायद्याने सक्तीचा आहे, तो त्याच खोलीत लावा. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचंच जाळा. काम हेटास-नोंदणीकृत (हेटास म्हणजे असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी ब्रिटिश संस्था) माणसाकडून करून घेतलं तर काम नियमांप्रमाणे झाल्याचं सर्टिफिकेट मिळतं, नाहीतर स्थानिक कौन्सिलला आधी कळवावं लागतं.