वर्गणीपुरते मेंबर कामाला कसे लावायचे

आमची कृषी सेवा केंद्रवाल्यांची तालुक्याची संघटना, रावेर साईडची, म्हणजे पक्का केळीचा पट्टा. मेंबर भरपूर, पण वर्गणी भरली की वर्षभर गायब. मग दिवसभराचं शिबिर ठेवलं तर दुपारी भरीत-पुरी झाली आणि अर्धे लोक तिथूनच दुकानावर पळाले, सर्टिफिकेटं मात्र सगळ्यांची छापून तयार होती ती घरपोच दिली पण. काय कामाचं ते सांगा भो.

त्यापेक्षा मायक्रो-क्रेडेन्शियल करा. एकच छोटं काम शिकवायचं, ते येतं का बघायचं, तेवढ्याचाच दाखला द्यायचा. खत-औषधं विकणाऱ्यांसाठी वर्षभराचा 'देसी' (DAESI) डिप्लोमा आहे त्याच्या जागी हे नाही.

विषय निवडताना गिऱ्हाईक काउंटरवर काय विचारतं ते आठवा. आम्ही हरण्या घेतला, म्हणजे केळीवरचा सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरसचा रोग. तीन संध्याकाळी, दुकानं बंद झाल्यावर, तास-तासभर. पेपरबिपर नाही, समोर पिवळ्या पट्ट्यांचं पान ठेवायचं आणि शेतकरी बनून विचारायचं, "भाऊ, याच्यावर काय मारू?" इथेच बरेच जण फसतात कारण हात सवयीने बाटलीकडे जातो. व्हायरसवर औषधच नाही, झाड उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, तो पसरवणारा मावा (रस शोषणारी बारीक कीड) आटोक्यात ठेवायचा, केळीत काकडी-भोपळा लावू नका म्हणायचं, कारण त्यांच्यावरही हा व्हायरस असतो. बाटली दिलीच तर ती माव्यासाठी आहे हे तोंडाने सांगायचं, आणि लेबलवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, त्यावरून विष किती जहाल तेही सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या आठवड्यात परत, ओळखीवर पास करायचं नाही.

दाखल्यावर "सहभाग घेतला" लिहू नका, काय करून दाखवलं ते लिहा. ओपन बॅज म्हणून डिजिटल दाखल्यांचं स्टँडर्ड आहे, २०११ ला फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आणलेलं, त्यात कोणी दिलं, कशासाठी, पुरावा काय हे बॅजच्या आतच भरता येतं. क्यूआर टाका म्हणजे कोणीही बघेल. फक्त क्रेडिट हा शब्द वापरू नका, सरकारच्या शिक्षणाच्या क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये ३० तासांचं एक क्रेडिट होतं आणि आपले तास तीन.

अजून एक, मालकापेक्षा काउंटरवरचं पोरगं पाठवायला सांगा आणि बॅज त्याच्याच नावाने द्या, दुकानाच्या नाही. मालक कुरकुरतात की शिकून दुसरीकडे जाईल. गेलाच एक, समोरच्याच दुकानात, आणि तो नवा मालक आता त्याचा क्यूआर गल्ल्यावर चिकटवून बसलाय.